वाचकांचे प्रश्न : घरातली नेटवर्किंग लॅब

घरच्या घरी नेटवर्किंग आणि व्हर्च्युअलायझेशनचा (एकाच संगणकात सॉफ्टवेअरने अनेक संगणक चालवण्याचा) सराव कसा करावा, याविषयी मराठवाड्यातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (लातूर) : डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका दुकानात जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? सध्या ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे.

उत्तर : सर्व्हर घेऊ नका. दहा-बारा वर्षांपूर्वीचा दोन प्रोसेसरचा सर्व्हर नुसता चालू राहिला तरी १५० वॉटच्या आसपास वीज खातो. चोवीस तास ठेवलात तर महिन्याला १०८ युनिट झाले. शिवाय त्याच्या पंख्यांच्या आवाजात शेजारच्या खोलीतही झोप लागत नाही. त्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला मिनी पीसी शोधा : डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी किंवा एचपी एलीटडेस्क मिनी. आय५-८५००टी प्रोसेसरचा असा पीसी काम नसताना १० ते १५ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला ७ ते ११ युनिट.

पैसे रॅमवर घाला. प्रोसेसर सगळ्या व्हीएममध्ये (आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशिनमध्ये) वाटला जातो, काम फार तर हळू होतं. रॅम संपली की पुढचं व्हीएम सुरूच होत नाही. १६ जीबीत भागतं, ३२ जीबीत मोकळेपणाने काम करता येतं. घेताना बायोसला पासवर्ड नाही ना, एसएसडी किती तास चालली आहे आणि अ‍ॅडॉप्टर मूळचा आहे का, हे बघा. डेलच्या मशिनला अ‍ॅडॉप्टर ओळखता आला नाही तर ते प्रोसेसरचा वेग खाली आणतं, आणि माणूस उगाच रॅमला दोष देत बसतो.

पण सराव त्यासाठी थांबवू नका. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर टाका आणि डेस्कटॉपशिवायचं डेबियन लिनक्स तीन व्हीएमवर बसवा. बसवताना १ जीबी रॅम द्या, नंतर ५१२ एमबीवर आणा. मधल्या व्हीएमला दोन नेटवर्क कार्ड देऊन त्याचा राउटर करा, बाकीची दोन वेगवेगळ्या नावांच्या ‘इंटरनल नेटवर्क’वर ठेवा. पिंगचं (जोडणी तपासणाऱ्या आदेशाचं) पॅकेट पलीकडे पोहोचतं पण उत्तर येत नाही, असं झालं तर परतीचा रूट, म्हणजे उत्तराच्या वाटेची नोंद, तपासा. बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो.

प्रश्न (अंबाजोगाई) : मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) टाकलं. राउटर खालच्या मजल्यावर असल्यामुळे वायफाय वापरते. होस्टला, म्हणजे मिनी पीसीला, इंटरनेट मिळतं; ब्रिजवरच्या (प्रॉक्समॉक्समधल्या आभासी स्विचवरच्या) व्हीएमना मिळत नाही.

उत्तर : ब्रिज कितीही नीट केला तरी असंच होणार. प्रत्येक व्हीएमचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) वेगळा, आणि वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त त्याच्याशी जोडणी झालेल्या मॅककडून आलेल्या फ्रेम (डेटाचे तुकडे) घेतो. व्हीएमच्या फ्रेम तो टाकून देतो.

खरा उपाय म्हणजे केबल ओढणं. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते. दुकानात शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते. ती क्रिंप करताना तुटते आणि लांबवर दगा देते. तार चाकूने खरवडली की आतला पांढरा धातू उघडा पडतो. आणि केबल घराच्या आतूनच न्या. गच्चीवरून किंवा एका इमारतीतून दुसरीकडे न्यायची असेल, तर आपल्याकडच्या वळवाच्या विजा लक्षात घेऊन फायबर वापरा.

केबल शक्यच नसेल तर नॅट करा, म्हणजे सगळ्या व्हीएमना होस्टच्याच पत्त्याने बाहेर जाऊ द्या. व्हीएमबीआर१ नावाचा नवा ब्रिज करा, त्याला खरं पोर्ट जोडू नका, पत्ता १०.१०.१०.१/२४ द्या. होस्टवर आयपी फॉरवर्डिंग चालू करून वायफायच्या इंटरफेसवर मास्करेडचा (पत्त्याची ही अदलाबदल करणारा) नियम लावा. या ब्रिजवर डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) आपोआप येत नाही, म्हणून व्हीएमना पत्ता, गेटवे आणि डीएनएस हातानेच द्यावे लागतील.

प्रश्न (जालना) : ओपीएनसेन्स या फायरवॉलचं व्हीएम सुरू केलं आणि घरातल्या टीव्हीचं, मोबाइलचं नेट गेलं. व्हीएम बंद केल्यावरही बराच वेळ तसंच. घरचे म्हणतात, लॅब बंद कर.

उत्तर : लॅब बंद करायची गरज नाही, पण ती घरच्या नेटवर्कपासून वेगळी हवीच. लॅबमध्ये वाट्टेल ते मोडा. घरच्यांचं नेट तेवढं मोडता कामा नये.

तुमच्या फायरवॉलची लॅनची (आतल्या नेटवर्कची) बाजू घरच्या नेटवर्ककडे लागली आहे. व्हीएमला दोन कार्डं दिली की कोणतं वॅन (बाहेरची बाजू) आणि कोणतं लॅन, याची आपोआप झालेली नेमणूक उलटी पडू शकते. मग फायरवॉल घरातल्या उपकरणांना स्वतः डीएचसीपीने पत्ते वाटू लागते. त्यातून तिचा मूळचा लॅन पत्ता १९२.१६८.१.१, आणि कित्येक घरगुती राउटरचाही तोच. मोबाइल गेटवे म्हणून कोणाकडे जाईल याचा नेम राहत नाही. व्हीएम बंद केल्यावरही त्रास उरतो, कारण वाटलेल्या पत्त्याची मुदत संपेपर्यंत उपकरण तो सोडत नाही. वायफाय बंद-चालू करा, म्हणजे नवा पत्ता मिळेल. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून चालवलं की पत्ता कोणत्या डीएचसीपी सर्व्हरने दिला तेही दिसतं.

आता मांडणी अशी करा. व्हीएमबीआर० हा ब्रिज खऱ्या पोर्टला जोडलेला, तो वॅनसाठी. व्हीएमबीआर१ कुठल्याच पोर्टला न जोडलेला, तो लॅनसाठी. प्रॉक्समॉक्समध्ये दोन्ही कार्डांचे मॅक पत्ते कागदावर लिहून घ्या आणि ओपीएनसेन्सच्या कन्सोलवर ते जुळवून नेमणूक स्वतः करा. लॅनचा पत्ता बदलून १०.२०.०.१/२४ करा. लॅनवर एक हलकं डेस्कटॉप व्हीएम ठेवा आणि फायरवॉलचं वेबपान त्यातूनच उघडा. वॅनच्या बाजूने घरच्या लॅपटॉपवरून आत यायचं असेल तर नियम लिहावा लागेल, आणि त्याआधी वॅनवरची खासगी पत्ते अडवणारी खूण काढावी लागेल. तुमच्या बाबतीत वॅनलाच खासगी पत्ता मिळालेला आहे.

हे आठवडाभर सुरळीत चाललं की मगच व्हीलॅनकडे (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करण्याकडे) वळा. व्हीएमबीआर१ला ‘व्हीलॅन अवेअर’ करा आणि व्हीएमच्या कार्डाला १० किंवा २० असा टॅग द्या. पुढे खरा मॅनेज्ड स्विच घेतलात, तर पोर्टला व्हीलॅनचं सदस्य करणं पुरत नाही. त्या पोर्टचा पीव्हीआयडीही बदलावा लागतो, नाहीतर बिनटॅगच्या फ्रेम व्हीलॅन १ मध्येच जातात.

प्रश्न (परभणी) : लाईट सारखी जाते. इन्व्हर्टर असूनही दोन व्हीएमच्या डिस्क खराब झाल्या. मशिन वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर चालेल?

उत्तर : आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे का ते बघा, दुसऱ्या मोडमध्ये बदलीला वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. दुसरी अडचण अशी, की बॅटरी संपत आल्याचं साधा इन्व्हर्टर पीसीला सांगत नाही. यूएसबीचा यूपीएस असेल तर ‘नट’ हे सॉफ्टवेअर वेळेत शटडाऊन करतं. नसेल तर एक जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटवर लावा, तो इन्व्हर्टरवर चालणाऱ्या नेटवर्क स्विचला केबलने जोडा आणि होस्टवरून त्याला दर मिनिटाला पिंग करा. लाईट गेली की तो राउटर बंद पडतो. सलग १५ मिनिटं उत्तर आलं नाही, की होस्ट शटडाऊन करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. व्हीएमच्या डिस्कचा कॅशे ‘राइट बॅक’वर असेल तर ‘नो कॅशे’वर आणा. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप समजू नका.

पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये मशिन ठेवू नका. खालच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून सुटं ठेवा. घर माळवदाचं असेल तर वरून झडणाऱ्या मातीसाठी वर फळी लावा, पण हवेची जाळी झाकू नका.

प्रश्न (उदगीर) : सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेसाठी सिस्कोचे खरे स्विच घ्यावेत का?

उत्तर : नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सिम्युलेटर मोफत आहे आणि सीसीएनएच्या २००-३०१ परीक्षेच्या बऱ्याचशा सरावाला पुरतं. ओएसपीएफ (राउटर एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत) मुळातून समजून घ्यायचं असेल तर दोन डेबियन व्हीएमवर एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर टाका, त्यांचा ओएसपीएफ शेजार जुळवा, मग एका बाजूचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० करून ओएसपीएफ पुन्हा सुरू करा. शेजार ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्सचेंज’वर अडकेल. दोन्ही टोकांचे एमटीयू सारखे केले की तो ‘फुल’ होतो.