एकाएकी भिडलेल्या मांजरी

ताई, चार वर्षं एका गोधडीत झोपणाऱ्या तुमच्या दोघी मांजरी परवा एकदम भिडल्या म्हणून त्यांचं वैर झालं असं समजू नका. बहुतेक परका बोका दिसला असेल. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग राग जवळचीवर निघतो. आमच्याकडे कापसाच्या खोलीच्या जाळीतून बोका दिसून असंच झालं होतं. शेपटी फुलून मनगटाएवढी, कान मागे चिकटलेले. मधे हात मुळीच घालू नका. जाड चादर टाका, दोघींना वेगळ्या अंधाऱ्या खोल्यांत ठेवा. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या, घाई करू नका. मग एकीच्या अंगावरचं फडकं दुसरीच्या ताटलीखाली घाला, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवू द्या. तुम्हाला चावली तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. कारण सापडलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. दुखण्यानंही मांजर अशी उलटते.