लिबयूएसबीचा रॅपर: मालकी कोणत्या क्लासकडे असावी?

लिबयूएसबी या यूएसबी उपकरणांशी बोलणाऱ्या सी लायब्ररीभोवती सी प्लस प्लसमध्ये रॅपर, म्हणजे तिला गुंडाळणारे क्लास, लिहिताना कॉन्टेक्स्ट (लायब्ररीचे सत्र) आणि डिव्हाइस हँडल (उघडलेल्या उपकरणाचा संदर्भ) यांची मालकी, म्हणजे ते बंद करण्याची जबाबदारी, कोणाकडे द्यावी, असा आपला प्रश्न आहे. दोघांचे क्लास वेगळे ठेवावेत, कॉपी बंद करावी आणि प्रत्येक डिव्हाइस ऑब्जेक्टने कॉन्टेक्स्टचा शेअर्ड पॉइंटर (सामायिक मालकीचा पॉइंटर) जवळ बाळगावा, म्हणजे शेवटचे हँडल बंद होण्याआधी कॉन्टेक्स्ट नष्ट होणार नाही. खरी कसोटी असिंक्रोनस ट्रान्सफरची, म्हणजे न थांबता पार्श्वभूमीवर चालणाऱ्या डेटा देवाणघेवाणीची, आहे: कॅन्सल फंक्शन लगेच परत येते, पण ट्रान्सफर त्या क्षणी थांबलेली असतेच असे नाही, म्हणून तिचा कॉलबॅक (ती संपल्यावर लायब्ररी बोलावते ते फंक्शन) येईपर्यंत इव्हेंट हाताळत राहावे आणि त्यानंतरच ट्रान्सफर व बफर मोकळे करावेत. लिबयूएसबीची फंक्शन्स त्रुटी आल्यावर जे ऋण आकडे परत देतात, त्यांचे सी प्लस प्लसमधील एक्सेप्शन करावे. टाइमआउटचे (वेळ संपल्याच्या त्रुटीचे) मात्र माझ्या मते एक्सेप्शन करू नये, कारण तोपर्यंत काही बाइट आलेलेही असू शकतात.