नववीला वस्तू डिझाइन करून बनवण्याचा विषय घ्यावा का?

तुमची मुलगी आठवीत आहे, घरातल्या वस्तू खोलून बघते, वहीच्या मागच्या पानांवर दिवे-खुर्च्या काढते. नववीला मल्टी स्किलचा, म्हणजे वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची कामं हाताने शिकवणारा विषय घेऊ द्यावा का आणि पुढे प्रॉडक्ट डिझाइनसाठी त्याचा फायदा होईल का, हा तुमचा प्रश्न. घेऊ द्या. फक्त होकार देण्याआधी शाळेचं वर्कशॉप स्वतः जाऊन बघा.

मी शिरूर तालुक्यात शिकलो. आमच्या वेळी याला आयबीटी म्हणायचे, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. याचं मूळ आमच्याच तालुक्यातल्या पाबळचं. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणाऱ्या डॉ. कलबागांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, त्यातून हा अभ्यासक्रम घडला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग आणि आठवड्यातला एक दिवस हाताने काम. मुली वेल्डिंग करायच्या, मुलगे चिक्की बनवायचे, कुणाला सूट नाही. आजचा मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स त्याच धर्तीवर आहे.

यात डिझाइन कुठे आलं? माठाच्या स्टँडचं उदाहरण घ्या. ८ मिमीच्या सळईच्या दोन रिंगा आणि तीन पाय. सर आधी वहीत ड्रॉइंग काढून घ्यायचे, मग विचारायचे, पाय तीनच का? चौथा लावला की खडबडीत जमिनीवर एक पाय अधांतरी राहतो आणि स्टँड डुगडुगतं. मग सगळ्यालाच तीन पाय का नाहीत? कारण तीन पायांचं स्टँड कडेला जोर पडला की लवकर कलंडतं, म्हणून पाय बाहेर फाकवायचे. किती फाकवायचे? येता-जाता पायात अडकणार नाहीत इतपत. डिझाइन म्हणजे बहुतेक वेळा हीच ओढाताण असते, आणि ती चौदाव्या वर्षी हातात लोखंड घेऊन कळली तर पक्की बसते.

पुढचा प्रश्न सळई कापण्याचा. रिंगचा आतला व्यास २०० मिमी हवा. २०० ला ३.१४ ने गुणून ६२८ मिमी कापली तर रिंग लहान होते, कारण सळईलाही जाडी आहे. मधला व्यास २०८ धरायचा, म्हणजे ६५३ मिमी. भूमितीच्या तासाला ३.१४ चा तो पाय (π) कशाला लागतो असं विचारणारी पोरं इथे गप्प होतात. दोन रिंगा आणि ४५० मिमीचे तीन पाय मिळून साधारण २.६६ मीटर सळई लागते. वजन काढायला फॅब्रिकेशनवाल्यांचं ठरलेलं सूत्र आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला साधारण ०.४ किलो. एकूण सव्वा किलोच्याही आत, किलोभरच. त्यावर वेल्डिंग रॉड, वीज, रंग, मजुरी धरून किंमत वहीत लिहायची. मी आज चाकणला फिक्स्चर, म्हणजे कारखान्यात काम करताना वस्तू पक्की धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करतो. कोटेशनच्या तक्त्यात रकाने वाढलेत, क्रम तोच आहे.

आता उणी बाजू. वापरणाऱ्याशी बोलणं, त्याचं निरीक्षण, एकाच वस्तूची पाच-सहा वेगळी रेखाटनं, हे या विषयात फारसं येत नाही. त्याबाबतीत सीबीएसईचा ‘डिझाइन थिंकिंग अँड इनोव्हेशन’ हा विषय जवळचा. शाळेत केंद्र सरकारच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असेल तर उत्तमच. २० लाखांपर्यंत अनुदान मिळणाऱ्या या लॅबमध्ये सहावीपासून मुलांना थ्री-डी प्रिंटर हाताळता येतो. पण एका शाळेत तो प्रिंटर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेला मी पाहिलाय, साहेब पाहणीला आले की उघडायचा! अशा लॅबपेक्षा दहा कानशी आणि चार व्हाइस (वस्तू आवळून धरणारे शिकंजे) असलेली, लोखंडाचा कीस सांडलेली खोली मला केव्हाही बरी वाटते.

पुढच्या शिक्षणाचं म्हणाल, तर अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेला किंवा आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाला बारावीनंतर प्रवेश परीक्षा असते आणि ती कुठल्याही शाखेतून देता येते. दहावीचा हा विषय तिथे अट नाही. पण आयडीसीसाठीच्या यूसीड या प्रवेश परीक्षेत आकार डोक्यात फिरवून बघायचे आणि हाताने चित्र काढायचे प्रश्न असतात. ड्रॉइंगवरून वस्तू बनवलेल्या मुलांना ते परके वाटत नाहीत. दहावीनंतर डिप्लोमाचा विचार असेल, तर टेक्निकल किंवा व्होकेशनल विषय घेतलेल्यांसाठी प्रवेशात काही जागा राखीव असतात का, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. आणि मल्टी स्किलचा विषय कुठल्या विषयाऐवजी मिळतो, हे शाळेला आत्ताच विचारून ठेवा. ऐन वेळी भाषा सोडावी लागली की घरात वाद होतात.

वर्कशॉप बघायला गेलात की मागच्या वर्षीच्या मुलांनी काय बनवलं आणि ते आत्ता कुठे आहे, एवढं विचारा. बेंच वर्गात वापरात असेल, गेटची कडी बसवलेली असेल, तर खरं काम चालतं. सगळं कपाटात काचेआड मांडलेलं असेल तर दुसरी शाळा बघा, किंवा मुलीला सुट्टीत ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे बसवा. वेल्डिंगच्या दिवशी कपडे सुती हवेत, ओढणी नको, केस बांधलेले आणि पायात बूट, चप्पल नाही.