गोल्फ कार्ट 'टक्' करते, पण हलत नाही. काय तपासावं?

तुमची ४८ व्होल्टची कार्ट पेडल दाबल्यावर नुसती 'टक्' करते, म्हणजे सोलेनॉइडच्या (बॅटरीची वीज मोटरकडे सोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला वीज पोचतेय. किल्ली आणि पेडलचा स्विच बहुधा ठीक आहेत. कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) बदलायची घाई कृपया करू नका. तो महाग असतो, आणि आधी बॅटऱ्या-केबल बघणं फुकट होतं.

पूर्ण चार्ज करून काही तास थांबा, मग मल्टिमीटर लावा. आठ व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचे मिळून ५०.९ च्या आसपास दिसायला हवेत. प्रत्येक बॅटरी वेगळीही मोजा. एखादी बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली असेल तर तिच्यावरच संशय घ्या.

बॅटऱ्या चांगल्या निघाल्या, तर अंगठी-घड्याळ काढा, मागची चाकं जॅकस्टँडवर उचला आणि सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांमध्ये मीटर धरा. 'टक्' झाल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. तो ४८ वरच अडला, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत, सोलेनॉइड बदला.

केबल मात्र नीट हाताळून बघा. आमच्या कार्टची एक केबल वरून झकास दिसायची. लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) हलवला तर आतली तांब्याची तार हिरवी पडून भुगा झालेली.