फितूर कोण आणि नुसता उलटलेला कोण?

प्रश्न असा आहे: चौघे मित्र ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा कॉम्प्युटरवरचा लढायांचा खेळ खेळत होते. दोघांची युती. ऐन लढाईत त्यातल्या एकानं दुसऱ्याला ‘मित्र’ ऐवजी ‘शत्रू’ करून टाकलं आणि त्याच्याच तटाच्या आत उभे असलेले आपले घोडेस्वार त्याच्यावर सोडले. त्याला फितूर म्हणायचं की गद्दार? आणि त्याआधी तो तिसऱ्याशी चोरून चॅट करत होता, त्याला मराठीत काय म्हणावं?

गद्दार बेलाशक म्हणा. फितूर म्हणताना मात्र मी थोडा थांबेन. मराठीत माणूस फितूर ‘होतो’, आणि त्याला कुणीतरी ‘फितवतो’. म्हणजे या शब्दात दोन माणसं लागतात: आतला एक आणि बाहेरून फूस लावणारा एक. कोर्टातला साक्षीदार फितूर झाला की आपण लगेच विचारतो, त्याला फोडला कुणी? शिवाय फितूर वरवर आपलाच असतो. ज्यानं उघड झेंडा बदलला तो उलटला, त्यानं तह मोडला. तुमचा मित्र शेवटच्या क्षणी उलटला. पण त्याआधी, तुमच्या बाजूनं लढत असल्याचं दाखवत तिसऱ्याला सोनं पोचवत असेल, तर तेवढा काळ तो अस्सल फितूर. (या खेळात बाजार बांधून कुणाला माल पाठवला की सुरुवातीला ३० टक्के कापले जातात. फितुरीलाही कर लागतो, हे मला फार आवडतं.)

‘फितूर’च्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ढिलेपणा, शैथिल्य. हिंदीत त्याचं ‘दिमाग का फ़ितूर’ झालं, म्हणजे डोक्यातलं खूळ. आपल्याकडे किल्ले, शिबंदी आणि दरवाजे उघडणारे हात यांच्या संगतीत तो राजकारणात शिरला. म्हणून हिंदी मालिका बघून ‘फितूर’चा अर्थ लावू नये.

‘फितवणे’ला या खेळात याहून चपखल जागा आहे. १९९९ सालच्या मूळ आवृत्तीपासून त्यात मंक, म्हणजे मठातले साधू, आहेत. ते लांबून मंत्र पुटपुटतात आणि समोरचा सैनिक रंग बदलून त्यांचा होतो. इराण्यांचा महागडा हत्ती असा गेला की पोटात गोळा येतो. इथे ‘धर्मांतर’ हा भारदस्त शब्द कशाला? ‘मंकनं माझा हत्ती फितवला’ म्हणा, काय झालं ते नेमकं कळतं.

आता चोरटं चॅट. ते खलबत. मूळ अरबी ‘खल्वत’ म्हणजे एकांत. रायगडावर खलबतखाना दाखवतात तोच हा शब्द. त्यात वाईट हेतू असलाच पाहिजे असं नाही, दोन मित्रांचंही खलबत चालतं. त्यातून जे शिजतं ते कारस्थान. ‘मसलत’ त्यामानानं सभ्य. पेशवाईतल्या पत्रांत तर अख्ख्या मोहिमेलाही मसलत म्हटलेलं सापडतं.

राहिली समोरच्याची थट्टा. चॅटमध्ये ११ टाइप केलं की सगळ्यांना खदाखदा हसू ऐकू येतं, ३० टाइप केलं की ‘वोलोलो’, म्हणजे या मालिकेतल्या पहिल्या खेळातल्या पुजाऱ्याचा फितवण्याचा मंत्र. याला ‘टोमणा’ म्हणू नका. टोमणा आडून मारायचा असतो, आणि इथे तर सगळा उघड मामला. हे डिवचणं. समोरचा चिडून अर्धवट फौज घेऊन तटाबाहेर यावा, यासाठीच ते असतं.