विल्यम्सटाउनला येण्याआधी

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना विल्यम्स कॉलेजात तीन वर्षांची नोकरी मिळतेय, मुलगी आठ वर्षांची आहे, तर मॅसॅच्युसेट्सच्या कोपऱ्यातलं हे गाव राहायला कसं आहे. व्हिसा, विमा, थंडीचे कपडे हे सगळं कॉलेजच्या कागदांत मिळेल, ते सांगत बसत नाही. तुमचा प्रश्न वाचून माझंच काहीतरी ढवळलं गेलं. लांबलं तर सांभाळून घ्या.

इथे गाव आणि कॉलेज वेगळं काढता येत नाही. गावाचं जुनं नाव वेस्ट हूसॅक. एफ्राइम विल्यम्स नावाचा कर्नल १७५५ मध्ये लेक जॉर्जच्या लढाईत मारला गेला. मृत्युपत्रात लिहून गेला होता, माझ्या पैशातून इथे मोफत शाळा काढा, पण गावाला माझं नाव द्या. गावाने १७६५ मध्ये नाव बदलून टाकलं. शाळा उघडली १७९१ मध्ये आणि १७९३ मध्ये तिचं कॉलेज झालं. पुढे १८२१ मध्ये कॉलेजचे अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन चालते झाले, गाव फारच आडबाजूला पडतं म्हणून. त्यातून ॲमहर्स्ट कॉलेज उभं राहिलं.

आडबाजूला ते अजूनही आहे. शेजारच्या नॉर्थ ॲडम्सचं हॉस्पिटल २०१४ मध्ये बंद पडलं, ते दहा वर्षांनी छोट्या स्वरूपात उघडलं. तूरडाळ आणि हिंग आणायला शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीकडे तासभर गाडी हाकायची. तेव्हा ताई, तुम्ही स्वतः गाडी शिकून या. मी आले तेव्हा लायसन्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागितला. माझ्या व्हिसावर तो मिळत नाही, तर ‘मिळत नाही’ असं पत्र आणा म्हणाले. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने परत पहिलीकडे. पत्र आलं तोवर बाकीच्या कागदांपैकी एकाची मुदत टळली होती! अजून आठवलं की डोकं फिरतं.

आपल्याकडे साखर कारखान्याचं गाव असतं ना, शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, तसं थोडंफार धरा. गाव साडेसात हजारांचं आणि त्यात दोनेक हजार विद्यार्थीच. ती पोरं घरी गेली की स्प्रिंग स्ट्रीटवर, म्हणजे इथल्या दुकानांच्या रस्त्यावर, पुस्तकाची पिशवी घेतलेलं चिटपाखरू दिसत नाही. ऑक्टोबरात एका शुक्रवारी सकाळी अचानक घंटा वाजतात, कॉलेजचे तास रद्द होतात आणि सगळे ग्रेलॉक डोंगर चढायला निघतात. गावातली पोरं मात्र त्या दिवशी शाळेत.

कॉलेजच्या शैक्षणिक इमारतींना मालमत्ता कर माफ आहे. त्यामुळे कॉलेज देतं ते आपखुशीने. माध्यमिक शाळेची नवी इमारत व्हायची होती तेव्हा ५० लाख डॉलर दिले. चांगलंच आहे, पण देणारा मोठा असला की घेणाऱ्याच्या बोलण्यात एक सावधपणा येतो, तो इथे ऐकू येतो. वर्षातून एकदा ग्रामसभा भरते, अगदी खरी, गावकरी स्वतः मतं देतात. जरूर जा. तुम्हाला मतदारांपासून वेगळं बसवतील. शाळेचं बजेट आपल्या डोळ्यांदेखत मंजूर होतं आणि आपण हात मांडीवर ठेवून बघतो.

मुलीचं विचारलंत. आधीच्या गावात एका शाळेने माझ्या मुलीला, घरात इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडणाऱ्या पोरीला, ‘घरी दुसरी भाषा बोलतात’ एवढ्यावर इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात बसवलं होतं. तो राग अजून गेलेला नाही. इथे असं काही झालं नाही. इथे एका मैत्रिणीने डबा खाताना तिला विचारलं, “तू कॉलेजची की गावची?” घरी येऊन तिने तोच प्रश्न मला विचारला, मी कणीक मळत होते, मळतच राहिले. तिच्या जवळच्या मैत्रिणी बहुतेक पाहुण्या प्राध्यापकांच्या मुली. करार संपला की जातात. ती आता नव्या मुलीशी लवकर बोलत नाही.

एकटेपणा वाटतो का? वाटतो. पुढे.

मिशन पार्कात एक संगमरवरी खांब आहे, वर पृथ्वीचा गोल. १८०६ मध्ये वादळात पाच विद्यार्थी तिथे गवताच्या गंजीआड थांबले आणि ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी परदेशी जायचं ठरवलं. याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. अहमदनगरचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच मिशनचं. हॉल मराठी शिकला, बायबलच्या मराठी भाषांतराला हातभार लावला आणि १८२६ मध्ये पटकीने तिकडेच गेला. मी फिरायला जाते तेव्हा त्या खांबाशी जरा रेंगाळते. माझी मुलगी आजीशी फोनवर आता ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढंच बोलते.

आता घराचं. कॉलेज भाड्याने घर देतं, स्वस्त पडतं, चालत जाता येतं. नोकरी संपली की घरही संपतं, हे मात्र लक्षात ठेवा. आमचं आता कायम झालंय, तरी मला भिंतीत खिळा ठोकवत नाही. मिस्टरांच्या पत्रात पुढे मुदतवाढीचं काही लिहिलंय का, ते आधी बघा. आणि व्हिसा जे-१ आहे की एच-१बी तेही कळवा, कारण तुम्हाला नोकरी करता येईल की नाही ते त्यावर आहे. तुम्ही काय करता, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.