खाडीकाठची मुलगी आणि केमिकल इंजिनीअरिंग

स. न. वि. वि.

लोटे-परशुरामच्या कारखान्यांतील सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या मासेमारीची वाताहत झाली, हे आपल्या घरचे रोजचे बोलणे. आणि मुलगी मात्र केमिकल इंजिनीअरिंगचाच हट्ट धरून बसली आहे. तिला होकार द्यावा का, असे आपण विचारता. आपली शंका रास्त आहे.

भोपाळचेच पाहा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्याहून मूळची चूक ही, की हे रसायन विकायचा माल नव्हताच. कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारा तो पदार्थ, तयार होताच वापरून टाकण्याऐवजी टनावारी साठवला गेला. घातक पदार्थाला पहारे वाढवण्याआधी त्याचा साठाच कमी करा, असे सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ त्याआधीपासून सांगत होते. साठा किती असावा हे प्रकल्पाचा आराखडा करताना ठरते, आणि तो आराखडा केमिकल इंजिनीअर करतो.

सांडपाण्याचेही तसेच आहे. सामायिक प्रक्रिया केंद्रात अनेक कारखान्यांचे पाणी येते. एखाद्याने विषारी पाणी तसेच सोडले, तर ते शुद्ध करणारे जिवाणूच मरतात आणि सगळ्यांचे पाणी अर्धवट प्रक्रियेनेच पुढे जाते. म्हणून कोणता सॉल्व्हंट (इतर पदार्थ विरघळवणारा द्रव) वापरायचा आणि त्यातला किती परत मिळवायचा, हे कारखान्याच्या आतच ठरावे लागते. अर्थात खर्च वाचवण्याची मालकाची वृत्ती आणि ढिली तपासणी यांपुढे एकटा इंजिनीअर अपुरा पडतो, हेही मी लपवणार नाही. रात्रपाळीला प्रक्रिया न केलेले पाणी सोडायला वरिष्ठांनी सांगितले, तर नकार द्यायची तयारी आहे का, हे तिला आजच विचारा.

तयारी असेल, तर माझ्या मते तिला जरूर जाऊ द्यावे. प्रक्रिया-सुरक्षितता हा विषय सक्तीचा आहे की ऐच्छिक, याची महाविद्यालयात प्रवेशाआधी चौकशी करावी, आणि दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने एखाद्या सांडपाणी केंद्रात उमेदवारी करून सीओडीची, म्हणजे पाण्यातल्या घाणीच्या रासायनिक विघटनाला किती ऑक्सिजन लागतो याची, चाचणी स्वतःच्या हाताने करावी.